उजवा कौल

९ जून

स्नेहल,

आशीर्वाद आहेतच, तू मागितले नाहीस तरी. फोन उचलत नाहीस म्हणून कागद घेतला. नागपूरच्या तुझ्या ऑफिसचा पत्ता दत्ताने मोबाईलवर शोधून दिला. पत्र आधी तुझ्या साहेबांच्या टेबलावर जाईल, मग तुझ्या. निदान चारचौघांत फाडू नकोस.

तुला हवं होतं ते झालं. काल वाघजाईसमोर कौल लावला आणि तो उजवा झाला. सगळी कोंडवाडी देवळाबाहेर दाटीवाटीने उभी होती, कडेवरच्या पोरांसकट. गाऱ्हाणं मीच घातलं. आई, डोंगराला भेग पडली, सरकार खाली चला म्हणतंय, लेकरांनी वाडी सोडायची असेल तर उजवी पाकळी दे, राहायचं असेल तर डावी दे. थोड्या वेळाने देवीच्या अंगावरची उजवी पाकळी सुटून पडली. गेनबा आजा ओक्साबोक्शी रडला आणि मग धोतराला डोळे पुसून म्हणाला, "आईनंच सांगितलं म्हनल्यावं आता कुनी काय बोलायचं न्हाई. उद्याच्याला बांधाबांध करा." येत्या रविवारी सगळे खाली रस्त्याकडेच्या शाळेच्या पटांगणात जातील. तिथे पत्र्याच्या शेड उभ्या केल्या आहेत.

एप्रिलमध्ये तू तुझी माणसं आणि यंत्रं घेऊन आलीस, भेगेच्या दोन्ही अंगांना लोखंडी खुंट्या ठोकल्यास, नकाशे पसरून समजावलंस. माळीणचं सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलेलं होतं, तरी एक माणूस हलला नाही. तेव्हा तुझा तोल गेला, हे मी समजू शकतो. पण देवळाच्या पायरीवर चपला घालून उभी राहून तू म्हणालीस, "तुमची देवी दगड आहे आणि डोंगराबरोबर तो दगडही खाली येणार आहे." मी तुला सगळ्यांदेखत चालती हो म्हणालो. खरं सांगतो, मला वाटलं होतं तू संध्याकाळी जेवायला येशील. तुझ्या आईने ताट झाकून ठेवलं होतं.

त्यानंतर तुझा फक्त तो मेसेज. "अण्णा, कौल लावा आणि उजवा काढा. डावी पाकळी घट्ट बसवा. तेवढा तरी तुमच्या देवीचा उपयोग होऊ दे." उपयोग हा शब्द मला फार लागला. त्या मेसेजबद्दल मला काही बोलायचं नाही. कौल उजवा झाला, एवढं पुरे.

तू नववीत असताना मला विचारलं होतंस, अण्णा, तुम्ही सकाळी देवीला फुलं वाहता आणि अकरा वाजता आम्हाला वर्गात म्हणता पुराव्याशिवाय काही मानू नका, यातलं खरं कोणतं? मी म्हणालो होतो, दोन्ही. तू तोंड वाकडं केलंस. मी अजून तेच म्हणतो. गुरवकी मला वडिलांकडून आली आणि विज्ञान वेल्ह्याच्या हायस्कूलने दिलं. माझ्यात दोघांचं भांडण कधी झालेलं मला आठवत नाही. बाहेरच्यांनाच त्याची काळजी फार.

तुझी आई बरी आहे. आज सकाळी देवी धुऊन आली तेव्हापासून जरा गप्प आहे. सामान बांधायची गडबड, दुसरं काय.

अण्णा


२२ जून

स्नेहल,

तू उत्तर दिलं नाहीस. ठीक आहे, मलाच आज बोलायचं आहे.

वाडी खाली आली. पत्र्याखाली उकडतं, पाऊस आला की एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही, पण माणसं आली. बायका नळाला भांडतात, म्हणजे रुळल्या. दत्ताने टेम्पोच्या इतक्या खेपा मारल्या की त्याची कंबर धरली. घरटी सगळे आले, स्नेहल. तुझी आई सोडून.

ती एक रात्र इथे झोपली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवीत तांदूळ-मीठ घेऊन वर निघून गेली. लोकांना म्हणाली, "देवीला दिवा कोन लावंल? म्या ऱ्हाते वर." लोकांनी तिला हात जोडले. मंगलमावशीसारखी माणसं आता मिळत नाहीत म्हणून आळीभर चर्चा आहे. मी मान खाली घालून ऐकतो.

आता ऐक. तुझा मेसेज मी मानला. तुझ्या आजीच्या कुंकवाच्या करंड्यात मेणाचा तुकडा अजून होता. आजी मेण लावून वर कुंकू लावायची, तुला आठवत असेल. त्यातलं तांदळाच्या दाण्याएवढं मेण मी नखात घेऊन गेलो. उजवी पाकळी नेहमीसारखी पाण्यात बुडवून शेंदरावर चिकटवली आणि डावी मेणावर. पाणी वाळलं, उजवी पडली. आठवीच्या पोराने केला असता असा प्रयोग. माझा हात थरथरत होता. लोक म्हणाले, सरांच्या अंगात आई आली.

मेण मी संध्याकाळी काढणार होतो. पण लोक देवळातून हलेनात, ओट्या भरायला बायकांची रांग लागली, आणि दुसऱ्या दिवशी उजाडता तुझी आई कळशी घेऊन देवी धुवायला गेली. उजवीकडे काही नव्हतं. डावीकडची पाकळी मात्र पाणी ओतलं तरी सुटेना. तिने नखाने खरवडली. तीस वर्षं सासूच्या शेजारी बसून वेणीफणी केलेली बाई, तिला त्या मेणाचा वास कळणार नाही?

घरी येऊन तो करंडा तिने माझ्यासमोर ठेवला, झाकण उघडं. मी पाहिलं आणि घराबाहेर गेलो. वाडी खाली उतरेपर्यंत तिने कुणाला अवाक्षर सांगितलं नाही, स्वतः पाच-सहा घरांची गाठोडी बांधू लागली. माणसं हलली पाहिजेत हे तिला कळत होतं. पण स्वतः ती त्या कौलावर खाली राहायला तयार नाही.

तू फोन कर. खाली असेन तेव्हा मला लागतो. वर तिच्याकडे रेंज नाही हे तुला माहीत आहे, पण तू येते म्हणालीस तर मी तिला खाली आणून उभी करीन. तुझं ती ऐकेल. तुमच्या दोघींचं माझ्या पाठीमागे नेहमीच जमत आलेलं आहे.

अण्णा


६ जुलै

स्नेहल,

मी रोज वर जातो. सकाळी जाऊन पूजा करतो, दुपारी उतरतो. येताजाता तुझ्या खुंट्यांमधलं अंतर टेपने मोजतो. वाढतंय. आता मेंढीचं कोकरू सहज आत पडेल एवढी भेग झाली आहे आणि त्यातून पाणी खाली मुरतं. मी हे सगळं तुझ्या आईला सांगतो, शाळेत सांगायचो तसं, मातीचा थर, खालचा कातळ, मधे शिरणारं पाणी. ती भाकरी थापत ऐकते.

काल म्हणाली, "अवो, भेग मला बी दिसती. मी आंधळी हाय का?"

"मग खाली चल."

"कुनाच्या सांगन्यावरनं?"

"माझ्या. स्नेहलच्या. मंगल, हे शास्त्र आहे."

"मग शास्त्र हाय म्हनूनच सांगायचं हुतं लोकान्ला. आईचं नाव कशाला घेतलं? तिला समद्या वाडीम्होरं उभी केली आन तिच्या तोंडी तुमचं बोलनं घातलं. तिला कुनी इचारलंच न्हाई."

मी म्हणालो, लोक ऐकत नव्हते. ती म्हणाली, ते मला कळतं, म्हणून तर मी तोंड शिवून बसले. मग तिने हात धुतले, पदराला पुसले आणि मला देवळात घेऊन गेली. "आईच्या अंगावर हात ठिवून सांगा, कौल तिचा हुता. एवढं सांगा, म्या आत्ता येते तुमच्यासंगं."

तिला ठाऊक होतं, स्नेहल. ठाऊक असून ती मला वाट करून देत होती, असं मला आता वाटतं. मी खोटं बोललो असतो तर ती खोट्यावर विश्वास ठेवून खाली आली असती, आणि पाप माझ्या डोक्यावर राहिलं असतं. मी हात पुढे केला. शेंदराचा गारवा बोटांना लागला आणि मी हात मागे घेतला. वाडीसमोर मी खोटं वागू शकलो, तिच्यासमोर नाही जमलं.

तेव्हा ती म्हणाली, "मंग पुन्यांदा लावा. आपुन दोघंच. खरा लावा. उजवी पडली तर तुमच्या आदी मी खाली पोचते. डावी पडली तर मला हितं ऱ्हाऊ द्या आन कुनाला सांगू नका."

आता तूच सांग मी काय करू. तुझ्या गणितात याला निम्मी शक्यता म्हणतात. नाणं उडवायचं आणि तुझी आई त्यावर लावायची. देवी चुकीचं सांगणार नाही असं माझं मन म्हणतं. पण मग मेण कशाला लावलं होतं, असं तेच मन विचारतं. तिच्यावर माझा पुरता भरवसा असता तर मी तेव्हाही खरा कौल लावला असता. हे तुझ्याशिवाय कुणाला लिहिता येत नाही, आणि तू वाचतेस की नाही तेही मला माहीत नाही.

गेनबा आजा काल विचारत होता, लावणी उरकली की पुन्हा वर जायचं का? देवीला पुन्हा विचारू, म्हणाला. मी त्याच्यावर ओरडलो. म्हातारा चपापला. उभ्या जन्मात मी त्याला कधी चढ्या आवाजात बोललो नव्हतो.

अण्णा


१७ जुलै

स्नेहल,

दत्ताच्या मोबाईलवर तुझा मेसेज आला. "आईला उचलून आणा." तीन शब्द का असेना, आले. मी ते त्याच्याकडून तीनदा वाचून घेतले. त्याला वाटलं माझा चष्मा हरवला.

आम्ही गेलो होतो. दत्ता, त्याचे दोन चुलतभाऊ आणि मी, डोली घेऊन. पाऊस कमी होता. तुझ्या आईने आम्हाला लांबून येताना पाहिलं आणि देवळात जाऊन देवीला कवेत घेऊन बसली. ओरडली नाही, रडली नाही. डोकं त्या शेंदरावर टेकून बसली होती, कपाळ सगळं केशरी.

दत्ता उंबऱ्याबाहेरच थांबला. मी म्हणालो, "धर तिला, बघतोस काय?"

"सर, आईच्या अंगाला धरलेल्या बाईला वढायचं? माझ्याच्यानं न्हाई व्हायचं. तुमी गुरव हाय, तुमी वढा."

मी तिचा हात धरला. चाळीस वर्षांच्या संसारात मी तिच्यावर बळजबरी केलेली नव्हती, त्यामुळे कशी करायची ते मला माहीत नव्हतं. तिची बोटं दगडाला नव्हे तर माझ्या मनगटाला घट्ट धरून बसली. "नगा वो," एवढंच म्हणाली. दत्ताचे भाऊ तोंड फिरवून पायरीवर बसले. त्यांना वाटत होतं, मावशी देवीच्या सेवेसाठी जीव द्यायला निघाली आहे आणि सर तिला अडवतायत. खरं कारण सांगितलं असतं तर त्यांनी तिला पाठुंगळीला मारून आणली असती. पण कौल खोटा होता हे कळल्यावर संध्याकाळपर्यंत निम्मी वाडी वर राहायला आली असती. ती बोलत नव्हती ती याच्यासाठी, आणि मीही.

तर असं झालं आहे. वाडीला वाचवणारं खोटं उघड केलं तर वाडी जाते, झाकून ठेवलं तर तुझी आई जाते. मी भौतिकशास्त्राचे कितीतरी अवघड प्रश्न पोरांना सोडवून दिले, याला मात्र उत्तरच नाही.

तू रजा काढ. ऑफिसमध्ये सांग, आई आजारी आहे. ते काही फार खोटं नाही. चपला घालून देवळात आलीस तरी मी काही बोलणार नाही.

अण्णा


२३ जुलै

स्नेहल,

दोन दिवस रेड अलर्ट आहे. गुंजवणी धरणाचं पाणी सोडल्याचा भोंगा इथवर ऐकू आला. राजगड चार दिवस दिसलेला नाही. तुझा दुसरा मेसेज मिळाला. दौऱ्यावर आहेस, आठवड्याने येतेस. मी तुझ्या आईला सांगितलं तेव्हा तिचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, आता येईल. म्हणाली, "येऊ द्या तिला. तवर आपलं आपुन निस्तरू."

मी हो म्हणालो आहे. उद्या सकाळी लावतो. मेण नाही, काही नाही. गाऱ्हाणं तेच, फक्त एका माणसासाठी. आज सबंध दिवस मी एकच गोष्ट मनाशी घोकतोय. देवी असेल तर ती मंगलला मरू देणार नाही. चाळीस वर्षं त्या बाईच्या हातची फुलं... नाही, मी तुझ्या आईबद्दल लिहितोय की देवीबद्दल, माझं मलाच कळेना.

तुला हसू येईल, पण मला भीतीबरोबर उत्सुकताही आहे. इतक्या वर्षांत कौल मी नेहमी दुसऱ्यांसाठी लावला. कुणाची म्हैस, कुणाचं लग्न. माझ्यासाठी, माझ्या जिवाच्या गोष्टीसाठी, मी तिला कधीच काही विचारलेलं नाही.

अण्णा


९ ऑगस्ट

स्नेहल,

शोध थांबवल्याला आज आठवडा झाला. तू नारिंगी जाकीट घालून त्या चिखलात पाच दिवस उभी होतीस. लोकांना हुकूम सोडत होतीस, कुठे खणायचं, कुठे पाय ठेवायचा नाही. मी लांबून बघत होतो. मला अभिमान वाटत होता, आणि असल्या वेळी अभिमान वाटतो म्हणून स्वतःची लाज वाटत होती. वाघजाईचं देऊळ, आपलं घर, वाडीतली सगळी रिकामी घरं, काही सापडलं नाही. तुझी आईही नाही.

जाताना तू मला विचारलंस, "तुम्ही दोघं तिथं होतात. तुम्ही वाचलात. त्या सकाळी नक्की काय झालं?" दत्ता आणि गेनबा आजा शेजारी उभे होते. मी म्हणालो, पाणी आणायला गेलो होतो. ते खरं आहे. कॉपी करणाऱ्या पोराकडे बघावं तसं तू माझ्याकडे पाहिलंस आणि गाडीत बसलीस. आता इथे कुणी नाही, म्हणून लिहितो.

उजाडता उजाडता मी वर पोचलो. तिने अंगण झाडून ठेवलं होतं, त्या पावसात. न्हाऊन नवं लुगडं नेसली होती, तू दिवाळीला पाठवलेलं, हिरवं. परसातली तगर तिनेच खुडून आणली. मी दोन पाकळ्या पाण्यात बुडवून उजव्या-डाव्या अंगाला लावल्या, गाऱ्हाणं घातलं. ती समोर मांडी घालून बसली, डोळे मिटून, हात जोडून. कौल लागला की उत्तर मिळाल्याशिवाय विचारणाऱ्याने उठायचं नसतं, हे तुला माहीत आहे.

पाकळ्या पडेनात.

एरवी अर्ध्या घटकेत निकाल लागतो. पाणी वाळतं, पाकळी सुटते. पण त्या दिवशी गाभाऱ्याच्या भिंतींना घाम फुटला होता, हवा चिंब ओली होती, शेंदरावर दव जमत होतं. पाणी वाळणार कसं? मी हे तिच्या कानाशी बोललो. म्हणालो, "मंगल, हवेत ओलावा आहे म्हणून पडत नाहीत. आज संध्याकाळपर्यंतही पडणार नाहीत. ऊठ, परत कधीतरी लावू." ती डोळे न उघडता म्हणाली, "आई इचार करतीया. तिला घाई नगा करू." ज्या ओलाव्याने पाकळ्या धरून ठेवल्या होत्या तोच डोंगर सोडवत होता. मला ते कळत होतं आणि मी तिथे बसून होतो.

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "तांब्यातलं पानी संपलं. झऱ्याचं आना वाईच, आईला वाहू." मी तांब्या घेऊन गेलो. झरा देवळापासून हाकेच्या अंतरावर, पलीकडच्या कातळात. मी तांब्या खाली धरला आणि त्यात तांबडी माती भरली. आपल्या आयुष्यात तो झरा कधी गढूळ झालेला नव्हता. तुझ्या एप्रिलच्या सभेत तू हेच सांगितलं होतंस, झऱ्याचं पाणी गढूळलं की पळा. मी ओरडत धावलो.

ती देवळाच्या दारात आली होती. बाहेर पायरीवर. हात वर करून मला काहीतरी सांगत होती. तोंड हललेलं मी पाहिलं. चेहऱ्यावर भीती नव्हती, उलट लगबग होती, चांगली बातमी सांगायची असते तशी, किंवा तसं मला वाटलं. मग वरून आवाज आला आणि मी उभा होतो तो कातळ सोडून पुढचं सगळं गेलं. झाडं उभीच्या उभी गेली. देऊळ कुठे होतं हे काही क्षणांनी मला सांगता आलं नसतं.

विचारणाऱ्याने उत्तराशिवाय उठायचं नसतं, आणि ती उठली होती. म्हणजे पाकळी पडली होती. उजवी पडली म्हणून ती खाली यायला निघाली होती, की डावी पडली म्हणून मला तू जा म्हणून सांगायला आली होती? की माझी हाक ऐकून आयुष्यात पहिल्यांदा तिने नेम मोडला? मी रोज तिचं ते हललेलं तोंड आठवतो आणि त्यात शब्द भरून पाहतो. "चला" बसतो. "जावा" पण बसतो.

इथे सगळे मला भेटायला येतात. गेनबा आजाने माझ्या पायांवर डोकं ठेवलं. "सर, तुमच्या कौलानं वाडी जगली. आईनं आदीच सांगितलं व्हतं." मंगलमावशीला आईने आपल्यात घेतलं, असं बायका म्हणतात, तिच्या नावाने शेडच्या कोपऱ्यात दिवा लावतात. नवीन जागेवर देवीची स्थापना करायची आहे, जागेचा कौल मीच लावायचा असं ठरलंय. मी मान हलवतो. दुसरं काही सांगितलं तर हे लोक उद्या कुठल्या डोंगराखाली जाऊन बसतील कोण जाणे. हे खोटं मला आता मरेपर्यंत सांभाळायचं आहे, आणि देवी आहे की नाही हे ठाऊक नसताना तिच्यापुढे रोज उभं राहायचं आहे. रात्री झोप लागत नाही म्हणण्यातही अर्थ नाही, दिवसा जागं राहवत नाही अशी गत आहे.

एक गोष्ट राहिली. मी ती कुणाला सांगितलेली नाही.

तांब्या घेऊन उठण्याआधी मी पाकळ्या बघायला वाकलो होतो. माझं तोंड देवीपासून वीतभर अंतरावर होतं. उजव्या पाकळीचा एक कोपरा सुटून वर आला होता. तुझ्या आईचे डोळे मिटलेले होते. एक फुंकर, स्नेहल. हलकीशी. पाकळी पडली असती, तिने डोळे उघडून पाहिलं असतं आणि माझ्या आधी पायवाटेला लागली असती. तिने तसा शब्दच दिला होता.

मी श्वास आत घेतलासुद्धा होता. मग मी तोंड बाजूला केलं. देवीशी पुन्हा खोटं वागायचं नाही, असं माझी श्रद्धा म्हणाली. प्रयोग चालू असताना हात लावायचा नाही, जे दिसेल ते मानायचं, असं वेल्ह्याच्या वर्गात तीस वर्षं मी पोरांना बजावलेलं विज्ञान म्हणालं. आणि मलाही खरं काय ते बघायचं होतं.

या दोघांचं जुळतं हे मला जन्मभर तुला पटवून द्यायचं होतं. त्या सकाळी त्यांचं पुरतं जुळलं. दोघंही म्हणाली, फुंकर मारू नकोस. मी दोघांचं ऐकलं, आणि तांब्या घेऊन बाहेर पडलो.

अण्णा